परीक्षकांनी न पाहिलेला सिनेमा

फ्रेमवाल्याच्या दुकानात रविवारी सकाळी दहा वाजता जो आरडाओरडा व्हायचा, तो ऐकून समोरच्या इमारतीतल्या एका नव्या भाडेकरूने एकदा थेट पोलिसांना फोन लावला होता. पोलीस आले, अर्धं शटर वर करून आत डोकावले, तर एक दातांचा डॉक्टर स्टुलावर उभा, चेहरा लालबुंद, आणि ओरडतोय, "खून आहे हा! दिवसाढवळ्या खून!" मेलं कोण, म्हणून विचारलं तर कळलं की चाळीस वर्षांपूर्वीचा एक विनोदी सिनेमा. त्याला त्या साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं बक्षीस मिळालं नव्हतं. हवालदाराने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "पण विनोदी सिनेमाला असली बक्षिसं देतं कोण?" झालं! डॉक्टरने त्याला हाताला धरून आत बसवलं. पाऊण तास बसला बिचारा, आणि जाताना सिनेमाच्या बाजूने मत देऊन गेला. ते अर्थात धरलं नाही.

तर या मंडळाचं नाव 'उशिराचा न्याय'. काम एकच, ज्या सिनेमांना मोठी बक्षिसं मिळायला हवी होती आणि मिळाली नाहीत, त्यांचे खटले पुन्हा चालवायचे. "वरातीमागून घोडं," असं पोस्टमास्तर दर रविवारी म्हणायचे आणि दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे. निवृत्त झाले तरी त्यांच्या पिशवीत जुन्या पुरस्कारांची पुस्तकं आणि कात्रणं तारीखवार बांधलेली असायची. कोणत्या साली कोणाला काय मिळालं, यावर त्यांच्याशी पैज लावायची कोणाची छाती नव्हती.

दुकान जावयाचं, आणि आपल्या गोष्टीतला माणूस म्हणजे त्या जावयाचे सासरे. त्यांना सगळे ऑपरेटर म्हणायचे, कारण थिएटरच्या वरच्या केबिनमध्ये सिनेमाचं मशीन चालवण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. न्यायाधीश होती त्यांची एकुलती एक लेक. ती खऱ्याखुऱ्या कोर्टात लघुलेखक होती. आठवडाभर दुसऱ्यांचं बोलणं मुकाट्याने टिपून घ्यायची आणि रविवारी त्याचं उट्टं काढायची. "शांतता!" म्हणून ती फ्रेमची पट्टी टेबलावर आपटायची, तेव्हा तिचा नवरा कळवळून म्हणायचा, "अगं, ती सागवानी आहे, भुशात पडलेली घे ना एखादी." पण तिथे नवऱ्याचा मुलाहिजा नव्हता, आणि बापाचाही नव्हता.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोठा खटला. बिस्किटांच्या जुन्या डब्यात प्रत्येकाने सिनेमांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकलेल्या. एक निघायची. सिनेमाची बाजू मांडणारा वकील आणि विरोधी वकील, हेसुद्धा चिठ्ठ्या टाकून. वकिलांना मत नाही, न्यायाधीशाला मत नाही, उरलेले तिघं मत देणार. सिनेमा जिंकला तर जावई जीव ओतून एक फ्रेम करायचा, लेक तिच्या वळणदार अक्षरात मानपत्र लिहायची आणि ते भिंतीवर जायचं. भिंतीवर आतापर्यंत एकोणीस मानपत्रं होती, आणि एकाही दिग्दर्शकाला त्याचा पत्ता नव्हता.

सहावी सभासद कात्रीबाई. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या फोटोला फ्रेम करायला म्हणून आल्या होत्या. आत डॉक्टर कुठल्याशा सिनेमातल्या एका जागेबद्दल तावातावाने बोलत होता. कात्रीबाई दारातूनच म्हणाल्या, "अहो, तिथे कट नाहीये. एक चित्र विरतं आणि त्यातून दुसरं येतं. नीट बघत जा." सगळे माना वळवून बघायला लागले. मग कळलं की बाई एकेकाळी सिनेमाच्या संकलक होत्या. म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली लांबच लांब फिल्म कापून, जोडून तिचा सिनेमा करणाऱ्या. आयुष्यात एकच पूर्ण सिनेमा केला, मग ते काम सोडून एका शाळेच्या कचेरीत लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत वेळापत्रकं लावत बसल्या. "इथला तास कापायचा, तिथे जोडायचा. कामात फरक काय!" असं म्हणून हसायच्या. त्यांच्या हसण्यात काय आहे, हे फक्त एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा.

बायको गेल्यापासून ऑपरेटरांचा आठवडा रविवारी सुरू व्हायचा आणि रविवारीच संपायचा. कात्रीबाई त्यांच्यासाठी खोकल्याच्या गोळ्या आणायच्या, चष्मा पुसत नाहीत म्हणून रागवायच्या, आणि खटल्यात त्यांनी काही बरं बोललं की हळूच कोपर मारून "वा!" म्हणायच्या. त्या एका "वा"साठी ऑपरेटर शनिवारपासून मुद्दे काढून ठेवायचे. या वयात असली शाबासकी दुसरीकडे कुठे मिळणार?

त्या रविवारी पोस्टमास्तरांनी डब्यात हात घातला, चिठ्ठी उलगडली, चष्म्याच्या वरून सगळ्यांकडे बघितलं आणि वाचलं, "पायरीवरचा माणूस."

"माझी चिठ्ठी! माझी!" डॉक्टरने अशी उडी मारली की स्टूल आडवं झालं. "दोन वर्षं वाट बघतोय ही निघायची! सर्वांत मोठा अन्याय! बाकीचे सगळे अन्याय यापुढे झक मारतात!"

कात्रीबाईंच्या हातात चष्म्याचं घर होतं, ते तसंच राहिलं. "हा तर तुमचा सिनेमा," लेक म्हणाली.

"माझाच," कात्रीबाई म्हणाल्या. "पहिला आणि शेवटचा."

पुढची चिठ्ठी निघाली, 'सिनेमाचे वकील', आणि तिच्यावर नाव ऑपरेटरांचंच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं त्यांना क्षणभर वाटलं की हे मुद्दामच केलंय, सगळ्यांना सगळं कळलंय. पण तसं काही नव्हतं. त्यांचं गुपित कोणालाच माहीत नव्हतं. बायकोलाही नव्हतं.

आता तुमच्यापासून कशाला लपवायचं? जे ऑपरेटरांनी एकतीस वर्षं पोटात ठेवलं, ते इथेच सांगून टाकू. 'पायरीवरचा माणूस' हा सिनेमा पुरस्काराच्या पाच परीक्षकांना दाखवला गेला तो एका दुपारी, एका छोट्या थिएटरात. सिनेमा सात डब्यांत आला होता, डब्यात रीळ, रिळावर नंबर. एकामागून एक लावायचे, बस्स. आणि केबिनमध्ये होते आपले ऑपरेटर. त्यांनी चौथ्या डब्यानंतर सहावा लावला. मग पाचवा. मग सातवा. परीक्षकांना कोणी काही बोललं नाही, परीक्षकांनी कोणाला काही विचारलं नाही. सिनेमाला बक्षीस मिळालं नाही, आणि दोष आला तो कात्री चालवणाऱ्या एका अठ्ठावीस वर्षांच्या मुलीवर. दोन वर्षांपूर्वी ती मुलगी पांढऱ्या केसांची होऊन या दुकानात आली आणि नेमकी त्यांच्या शेजारी बसली. सांगू सांगू म्हणत ऑपरेटरांनी शंभरेक रविवार घालवले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला समजावत राहिले.

विरोधी वकिलाची चिठ्ठी निघाली डॉक्टरच्या नावाची.

"मी? या सिनेमाच्या विरोधात?" डॉक्टर किंचाळलाच. "जीभ झडेल माझी! सात वेळा पाहिलाय मी तो. एकच आठवडा चालला आणि मी सात वेळा पाहिला! शरीररचनेच्या परीक्षेत नापास झालो त्यापायी!"

"चिठ्ठी निघाली की नाही म्हणायचं नाही," लेकीने पट्टी आपटली. "नियम आहे."

"द्या ती चिठ्ठी इकडे," कात्रीबाई म्हणाल्या. "विरोधात मी बोलते."

जावई हातातली काच खाली ठेवून बघायला लागला. पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, आपल्याच सिनेमाच्या विरोधात?"

"माझ्याइतकं त्याच्या विरोधात बोलायला आहे कोण? आणि एकदा निकाल लागू दे ना. एकतीस वर्षं माझ्या डोक्यात हा खटला चालू आहे. इथे तरी संपेल." मग ऑपरेटरांकडे वळून त्या हसल्या. "आणि तुम्ही भीडभाड ठेवू नका हं. दणकून भांडा. लुटुपुटीचं मला चालणार नाही."

लेकीने थोडा विचार केला आणि अदलाबदल मान्य केली. डॉक्टरला मत मिळालं, शिवाय साक्षीदार म्हणून बोलायचा हक्क, आणि तो त्याने लगेच वापरला. स्टूल सरळ केलं, वर चढला आणि गोष्ट सांगायला लागला.

"दहा वर्षांची मुलगी. एक दिवस बाप घर सोडून जातो. का, कुठे, काही नाही. ती रोज संध्याकाळी दारात उभी राहते, पाण्याचा पेला हातात धरून, बाप येईल म्हणून. ती मोठी होते. आणि मग एक दिवस तो येतो! म्हातारा झालेला. दार वाजवत नाही, नुसता पायरीवर बसतो. ती खिडकीतून बघते आणि दार उघडत नाही. सात दिवस! काय ते सात दिवस, अहो, आम्ही थिएटरात ओरडायचो, उघड की बाई! आठव्या दिवशी उघडते. मग तो आजारी पडतो, ती त्याचं सगळं करते, तो जातो. पलंग रिकामा. आणि शेवटी ती स्वतः येऊन त्या पायरीवर बसते. संपला सिनेमा! दिवे लागले तरी कोणी उठायचं नाही."

बाप येतो तो पाचवा डबा. बाप जातो तो सहावा. ऑपरेटर मनातल्या मनात डबे मोजत होते आणि घाम पुसत होते.

"आणि त्या साली बक्षीस कोणाला?" डॉक्टरने मुठी आवळल्या. "'सात किल्ल्यांचा धनी'! ज्यात राजापेक्षा घोड्यांनी बरं काम केलंय!"

"घोड्यांना काही बोलू नका," जावई म्हणाला. "मला आवडला होता तो."

"तुझं मत काढून घ्यायला पाहिजे!"

"शांतता! पोस्टमास्तर, परीक्षकांचा शेरा वाचा."

पोस्टमास्तरांना हाच क्षण जगायला पुरायचा. त्यांनी पिशवीतून पिवळं पडलेलं पुस्तक काढलं, खूण केलेलं पान उघडलं आणि तार वाचावी तसं वाचलं, "अभिनय व छायाचित्रण उत्तम. मात्र संकलनात सुसूत्रता नाही. कथेचा धागा मध्येच तुटतो व प्रेक्षक गोंधळात पडतो."

"कोण प्रेक्षक? कुठला गोंधळ?" डॉक्टर उसळला. "एकवीस वर्षांचा होतो मी. मला अभ्यासाचं एक पान कळत नव्हतं, पण हा सिनेमा कळला! माझ्या शेजारी रोज एक भाजीवाल्या मावशी बसायच्या, त्यांना कळला! आणि पाच शहाण्यांना कळला नाही?"

"तेच तर कोडं आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "एक जण गोंधळला तर समजू. पाचही जण? एकाच वेळी?"

"झोपले असतील," जावई म्हणाला. "दुपारचं जेवण जड झालं असेल."

"पाचही?"

"एकच जेवण असेल ना!"

सगळे हसले. ऑपरेटरही हसले, पण ते हसू त्यांचं त्यांनाच ऐकवेना. लेक म्हणाली, "वकील, बोला."

ऑपरेटर उभे राहिले. मुद्दे काढलेले नव्हते, पण मशीनवर आयुष्य घालवलेल्या माणसाला सिनेमाबद्दल बोलता येत नाही असं थोडंच आहे? त्या मुलीचं काम किती साधं, बाप एक अवाक्षर न बोलता कसा बसतो, खिडकीतून आत येणारं ऊन दर दिवशी कसं थोडं वेगळं असतं, असं ते बोलत गेले. डॉक्टर माना डोलावत होता.

"हरकत," कात्रीबाई म्हणाल्या. "अभिनय आणि छायाचित्रण परीक्षकांनीही उत्तमच म्हटलंय. वकीलसाहेब ताकाला जाऊन भांडं लपवतायत. आरोप संकलनावर आहे. त्यावर बोला."

"त्यावर... नंतर बोलतो," म्हणून ऑपरेटर खाली बसले.

"मग मीच बोलते," कात्रीबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला आणि त्या अशा ठणठणीत आवाजात बोलायला लागल्या की स्टुलावरचा डॉक्टरसुद्धा खाली उतरून नीट बसला.

"ती मुलगी दहा वर्षांची आहे आणि मग बावीस वर्षांची होते. मधली बारा वर्षं मी एका कटमध्ये उडवली. दिग्दर्शक म्हणत होते, बाई, पडद्यावर पाटी टाका, 'बारा वर्षांनंतर'. लोकांना कळायला नको? मी म्हटलं, नाही. पाटी टाकली तर ती बारा वर्षं गेली असं कळेल. मला ती गेल्यासारखी वाटायला हवीत. आठ दिवस भांडलो आम्ही. अकरा वेळा मी तो कट बदलला आणि शेवटी माझंच खरं केलं. अठ्ठावीस वर्षांची होते, शिंगं फुटली होती. मग हा शेरा छापून आला. धागा मध्येच तुटतो. दिग्दर्शकांनी मला एवढंच विचारलं, पाटी टाकली असती तर काय बिघडलं असतं? त्यानंतर त्यांनी मला बोलावलं नाही. मीही दुसऱ्या कोणाच्या दारात गेले नाही. कशी जाणार? ज्या हाताला आपण काय तोडतोय तेच कळत नाही, त्या हातात कात्री कशाला?"

"तेव्हा न्यायाधीशबाई, परीक्षक बरोबर होते. या सिनेमावर त्यांनी अन्याय केला नाही. अन्याय मी केला. डॉक्टरांना आवडला, त्यांचे उपकार. पण मला प्रेमाची मतं नकोत. ज्याच्याकडे पुरावा असेल त्याने बोलावं, नाहीतर हे प्रकरण कायमचं बंद करा."

त्या बसल्या. रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मला पटत नाही!" असं डॉक्टर पुटपुटत होता, पण हातात मुद्दा काही नव्हता. जावई फ्रेमच्या पट्टीवरचा भुसा नखाने काढत बसला.

"वकील," लेक म्हणाली, "तुमची शेवटची पाच मिनिटं."

ऑपरेटरांनी शेजारी बघितलं. आपण गप्प बसलो तर काय होईल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. ही तिघं भली माणसं, मत बाजूनेच देतील. फ्रेम होईल, मानपत्र होईल, आणि ही बाई ते बघून हसेल आणि म्हणेल, माझ्यासाठी केलंत हो. आणि घरी जाऊन पुन्हा तोच कट डोक्यात फिरवत बसेल. बोललो तर ही खुर्ची गेली, "वा" गेलं, गोळ्या गेल्या, रविवार गेला. कदाचित लेकीच्या नजरेतूनही गेलो. पण पुरावा होता. तो सगळ्या जगात एकाच माणसाकडे होता.

"माझ्याकडे पुरावा आहे," ते उभं राहून म्हणाले. "परीक्षकांनी हा सिनेमा पाहिलाच नाही."

"पाहिला की," पोस्टमास्तर म्हणाले. "तारीख आहे माझ्याकडे, थिएटरचं नाव आहे."

"तारीख मलाही माहीत आहे. मशीनवर मी होतो. चौथ्या डब्यानंतर मी सहावा लावला. मग पाचवा."

लेकीची पेन्सिल थांबली. एवढ्या वर्षांत कोर्टात कोणाच्या बोलण्याने तिची पेन्सिल थांबली नव्हती. "बाबा?"

"चालू झाल्यावर मिनिटाभरात कळलं मला. बंद करायला हवं होतं. दिवे लावून खाली जायचं, माफी मागायची आणि पहिल्यापासून दाखवायचं. पण त्याच आठवड्यात मशीन दोनदा बंद पडलं होतं आणि मॅनेजर म्हणाला होता, आता एकदा पडदा काळा झाला तर घरी जायचं. आणि घरी तू होतीस, नऊ दिवसांची. मी भ्यालो. दुसरं काही कारण नाही. भ्यालो आणि पुढे चालवत राहिलो."

डॉक्टरच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो ताडकन उठला. "म्हणजे बाप आधी मेला! आणि मग येऊन पायरीवर बसला! अरे देवा! पाच परीक्षक बसलेत आणि मेलेला माणूस सात दिवस पायरीवर... मग धागा तुटेल नाहीतर काय!"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" पोस्टमास्तरांनी पुस्तक मांडीवर आपटलं. "मी एकतीस वर्षांची कात्रणं चाळतोय आणि कारण इथे शेजारी बसून चहा पितंय!"

"मामा, काय केलंत हे!" जावई म्हणाला. कोणालाच हसावं की रडावं कळेना. आणि मग सगळ्यांना एकदमच आठवण झाली आणि सगळ्यांनी कात्रीबाईंकडे बघितलं.

कात्रीबाईंचे डोळे मिटलेले होते आणि बोटं मांडीवर हलत होती, जणू समोर टेबल आहे आणि फिल्म त्यांच्या हातातून सरकतेय. "चौथा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मग सहावा. पलंग रिकामा. मग पाचवा, तो येतो. मग एकदम सातवा, ती पायरीवर." त्यांनी डोळे उघडले. "कुठेच जुळत नाही. देवालासुद्धा कळणार नाही."

"नाही कळणार," ऑपरेटर म्हणाले.

"म्हणजे तो शेरा माझ्या कटवर नव्हता."

"नव्हता."

"एकतीस वर्षं!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की रस्त्यावरून जाणारा एक माणूस थबकला. "एकतीस वर्षं, ऑपरेटर! झोपेत पाटी टाकतेय मी तिथे! शाळेत वेळापत्रक लावताना हात अडायचा माझा, एवढा तास कापू की नको म्हणून! आणि तुम्ही दोन वर्षं माझ्या शेजारी बसलात! माझ्या गोळ्या खाल्ल्यात!"

"खाल्ल्या."

"नंबर वाचून डबा लावायचा, एवढं कळत नव्हतं? शेंबड्या पोराला कळेल! करत काय होतात तिथे मशीनवर?"

"सिनेमा बघत होतो," ऑपरेटर म्हणाले.

"म्हणजे?"

"आम्ही बघत नाही, बाई. ऑपरेटर सिनेमा बघत नाही. रीळ संपायला आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो, तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. आम्ही तेवढा ठिपका बघतो. पडद्यावर कोणी हसतंय, मरतंय, आम्हाला पत्ता नसतो. तोवरच्या एकोणीस वर्षांत मी हजारो सिनेमे लावले आणि एकही पाहिला नव्हता." "त्या दिवशी चौथा डबा चालू होता. पाचवा तेव्हा दुसऱ्या मशीनवर चढवून तयार ठेवायचा असतो. मी सहज खिडकीतून खाली बघितलं. ती पोर दारात उभी, हातात पेला. अंधार पडतो. ती आत वळते, पेला फळीवर ठेवायला हात लांब करते. आणि फळीवर पेला टेकतो तो हात बाईचा असतो. मोठ्या बाईचा. बस्स. पाटी नाही, संगीत नाही, काही नाही. बारा वर्षं गेली, आणि मला कोणी सांगितलं नाही तरी कळलं. मला वाटलं, घरी जी नऊ दिवसांची आहे ती अशीच जाणार. मी पेला उचलून ठेवेन तेवढ्यात मोठी होणार. डोळ्यांतून धारा लागल्या. त्या खिडकीशी मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. भानावर आलो तेव्हा रीळ संपत आलेलं आणि दुसरं मशीन रिकामं. जो डबा हातात आला तो चढवला. नंबर कसला वाचतोय, डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं."

त्यांनी नाक पुसलं. "चौतीस वर्षांत एकदाच चुकलो. तुमच्या त्या कटमुळे चुकलो. एवढीच माझी साक्ष."

लेक वहीत काही लिहीत नव्हती. ती बापाकडे बघत होती आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. डॉक्टर तर उघडउघड रडत होता, आणि पोस्टमास्तर जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं ते पान मन लावून वाचत होते.

कात्रीबाई न्यायाधीशाकडे वळल्या. "विरोधी बाजू माघार घेते."

"मतं?" लेकीने विचारलं, आणि तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तीन हात वर गेले. खरं तर चार, कारण डॉक्टरने दोन्ही वर केले होते. एक खाली घ्यायला लावला. मग जो गलका झाला, तो समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या कानात आठवडाभर घुमला असेल. जावई पट्ट्या उपसायला लागला, "सागवानीच लावतो, उत्तमातली उत्तम!" डॉक्टर म्हणे, त्या पाच परीक्षकांतले जिवंत असतील त्यांना आत्ताच्या आत्ता पत्र लिहू, आणि पोस्टमास्तर म्हणे, पत्ते माझ्याकडे आहेत.

या सगळ्या गोंधळात ऑपरेटर आपली टोपी उचलून दाराकडे निघाले होते.

"कुठे निघालात?" कात्रीबाईंनी विचारलं.

ते थांबले.

"पुढच्या रविवारपासून मी तुमच्या शेजारी बसणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरलेले होते आणि चेहरा रागाने लाल होता. "बोलणारही नाही तुमच्याशी. किती दिवस ते मला माहीत नाही. वर्षभर असेल, जास्तही असेल."

"बरोबर आहे तुमचं," ऑपरेटर म्हणाले.

"पण ते पुढच्या रविवारपासून." त्यांनी आपली खुर्ची ओढली, त्यांच्या खुर्चीच्या समोर आणून ठेवली आणि बसल्या. "आत्ता इथे बसा, आणि मला तो कट पुन्हा सांगा. पेल्यापासून. काही गाळू नका."